मागची खिडकी

मुठीतला रबरी वायसर घामाने बुळबुळीत झाला होता, तरी ती तो सोडत नव्हती – बाबांच्या छपराचे स्क्रू बसवताना उरलेला एक, नखाएवढा, मधे भोक पडलेला... टेम्पो रात्रीच्या वादळात आडव्या झालेल्या झाडांना वळसे घालत बाबांच्या घराकडे चालला होता आणि प्रत्येक वळणावर कुणाचा ना कुणाचा पत्रा पडलेला दिसत होता, एक तर विजेच्या खांबाला ओल्या टॉवेलासारखा गुंडाळलेला.

वादळवाऱ्याला घरं टिकतील अशी ती बांधून देत असे, त्यावर तिचं पोट होतं, आणि तरीही काल संध्याकाळी बाबांचा फोन आला – "शाळेत चला म्हणून माणसं बोलवायला आलीयत गं, जाऊ?" – तेव्हा तिनेच, दुसरं कोण, ठामपणे सांगून टाकलं की शाळेची कौलं जुनी आहेत, घर पक्कं आहे, घरातच थांबा. फक्त... आणि फोन मेला, तो अजून मेलेलाच होता. मागची खिडकी बंद ठेवा, एवढंच राहिलं होतं सांगायचं.

कारण वारा आला की बाबा ती खिडकी उघडत. आलेल्या वाऱ्याला जायला वाट हवी, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं, त्यामुळे ती काळ्या दगडावरची रेघ. वारा आत शिरला की फुगतो, छपराला खालून उचलतो, बाबा, हे तिने किती वेळा सांगितलं! जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, हसून म्हणायचा, "बरं बाई, तुझं खरं." तिने छपराला ठोकलेल्या लोखंडी पट्ट्यांची ते थट्टाच करत – छपराला गुंड्या लावतेस होय? – पण पत्रा वाशाला, वासा भिंतीला, भिंत पायाला, सगळं एकाच दोऱ्यात शिवायचं असतं म्हटल्यावर मात्र त्यांनी थट्टा सोडली होती, शिवणीतलं त्यांना कळत होतं. पण खिडकी?... आणि ती लहान असताना एका वादळात छप्पर उडून गेलं, त्या रात्री 'खिडकी लावते' म्हणत ती अंथरुणातून उठून तीच खिडकी लावायला निघाली होती, "राहू दे उघडी" असं बाबा ओरडले होते, मग आईने तिच्यावर गादी टाकली होती आणि गादीच्या कडेखालून तिला एकाएकी आभाळ दिसलं होतं.

वाटेत शाळा आली. अर्धी कौलं अंगणात, पण व्हरांड्यात माणसं चहा पीत उभी होती. तिने एकेक चेहरा पाहून घेतला; बाबा त्यांत नव्हते.

मग घर. घरावर छप्पर.

ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. टेम्पोवाला म्हणाला, "ताई, उतरताय ना?"

दार लोटलं तर आत काळोख, कोंदट वास. शिलाई मशीन ढकलून मागच्या खिडकीला टेकवलेलं, त्याला पाठ लावून बाबा खुर्चीत घोरत होते. तिने हाक मारली.

"आलीस?" ते डोळे चोळत म्हणाले. "गुदमरलो गं रात्रभर. आणि खांदा बघ, खिडकी दाबून धरून कामातून गेला."

"छप्पर..."

"त्याला काय धाड भरलीय? कुरकुरलं थोडं. उसवलं नाही."

ती जमिनीवरच बसली, हसू की रडू कळेना, आणि दोन्ही एकदमच आलं. "म्हणजे फोनवर ऐकू आलं होतं तुम्हाला? खिडकीचं?"

"कुठलं! तू 'फक्त' म्हणालीस नि गेला फोन."

"मग?"

"'फक्त'च्या पुढे तू आणखी काय म्हणणार?" बाबा खांदा चोळत म्हणाले. "लहानपणीच म्हणाली होतीस की. तेव्हा कुठे ऐकलं तुझं."

त्यांनी मशीन बाजूला सरकवलं आणि खिडकी उघडली. सकाळची साधी झुळूक आत आली, समोरच्या दारातून निघून गेली. खिडकी उघडी राहिली असती तर तिच्या पट्ट्यांनी तग धरला असता का, हे आता कधीच कळणार नव्हतं. एरवी तिने लगेच आकडेमोड मांडली असती. पण ती तशीच बसून राहिली, आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, मूठ उघडली होती, वायसर कुठेतरी घरंगळला होता... मिळेल नंतर. तो शोधायला उठावंसंही तिला वाटेना.