कडू फवारा आणि अकरा तोंडं

ज्योतिबाच्या पायरीवर हात ठिवून सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं निघालं तर माझं उरलेलं चार दातबी आजच पडू देत!

उचगावजवळच्या लोखंड ओतायच्या एका फौंड्रीत क्रांती, तपासणी हापिसातली पोरगी, मास्क तपासाय गेलती. लोखंडी मालावरची वाळू झाडायची तिथं एक खोली हाय. तिथली धूळ इतकी बारीक की डोळ्याला दिसत न्हाय, आन् छातीत बसली की उठत न्हाय. क्रांतीची सही झाली की अकरा गडी नवं स्वस्तातलं मास्क लावून आत जाणार.

मुकादम बाळासो दारातच गुरकावला, "सही कर पोरी, आन् वाटंला लाग. च्या मिळायचा न्हाय."

"च्याला आली न्हाय मी. माणसं बोलवा."

तपासणी सोपी. तोंडाला मास्क, वर डोक्यावर पिशवीगत टोपी, टोपीत कडू औषधाचा फवारा. जिभंला कडू लागलं की मास्क गळतोय. पण त्याआधी मास्क न लावता थोडं मारून, जिभंला कडू कळतंय का ते तपासायचं असतं.

"जिभा काय उसन्या आणल्यात व्हय?" बाळासो खेकसला. "येळ घालवू नगंस!"

क्रांतीनं ऐकलं, जिभा न तपासताच मास्क लावलं. तिथंच चुकलं. अकराच्या अकरा पास! सयाजीबी पास, ज्याच्या मिशीमुळं मास्क गालाला टेकतच नव्हता.

क्रांतीचं डोकं सणकलं. "सयाजीदादा, मास्क काढा." उघड्या तोंडावर तिनं धा फवारं मारलं. "कडू?"

"न्हाय की."

"आ करा."

गालात लिंबाएवढा तंबाखू-सुपारीच्या माव्याचा गोळा! अकराजणांच्या गालात त्योच, जिभा पार बधिर.

"कुणी दिला?"

समदी बाळासोच्या फुगलेल्या खिशाकडं बघाय लागली.

क्रांतीनं सगळ्यांस्नी चुळा भराय लावल्या, पाव तास बसवलं, आन् मास्क लावून परत फवारलं. धाजणं थू थू करत उठली, एकाचाच मास्क नीट बसलाता.

"तुझ्या सायबाला फोन लावतो!" बाळासो अंगावर आला. "उद्यापास्नं कोल्हापुरात काम मिळायचं न्हाय तुला!"

"लावा. पर मास्क चांगला हाय म्हणताय न्हवं? मग घाला की तुमीच."

गड्यांनी कडं केलं. पळाय वाट न्हाय. बाळासोनं मास्क लावला, टोपी घातली. क्रांतीनं दात खाऊन फवारा दाबला. त्याच्या डोळ्यातनं पाणी गळाय लागलं.

"कसं लागतंय, मुकादम?"

"ग्वाड!"

"मग आनखी मारा मॅडम," सयाजी म्हणाला. "ग्वाडाची आवड हाय त्येंस्नी."

तिसाव्या फवाऱ्याला बाळासोनं टोपी फाडली आन् पाण्याच्या टाकीकडं सुटला. क्रांतीनं कागदावर 'नापास' लिवलं, त्याच्या ओल्या हातात कोंबलं. चांगलं मास्क येईस्तोवर खोलीला कुलूप. बाळासो तिला शिव्या घालत टाकीला तोंड लावून प्याला, प्याला, आन् टाकी रिकामी झाली. दुपारी टँकर मागवावा लागला.

बरं बरं, असं डोळं वटारू नगासा. टँकरचं तेवढं मी पदरचं घातलंय.