भुरी गाय आणि मी, गुरगुऱ्या

मित्रांनो, मी एक जुना नेब्युलायझर आहे आणि मी एका गायीवर जळतो. हसू नका! दम लागलेल्या मुलांसाठी मी औषधाचे बारीक धुके करतो आणि मास्कमधून ते त्यांच्या छातीत पोचवतो. चालू झालो की गुरगुरतो, म्हणून घरातल्या थोरल्या मुलीने माझे नाव गुरगुऱ्या ठेवले.

कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून मी शहरातल्या एका घरात आलो. काय ती स्वच्छता! खिडक्या कायम बंद, फरशी दोन्ही वेळा पुसलेली, उशांना चेन लावलेल्या खोळी. तरी थोरलीला धुळीने, फुलांनी, शेजारच्या मांजरानेसुद्धा धाप लागायची. मग माझी धावाधाव. काम झाले की आई माझा मास्क साबणाने धुवायची, मला पुसायची आणि म्हणायची, "हा आहे म्हणून मला झोप लागते." हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

पुढे बाबांची बदली झाली आणि आम्ही मामाच्या शेतावर राहायला गेलो. धाकटा तिथेच जन्मला. मामी धार काढायला बसली की त्याला गोठ्यातच पोत्यावर बसवायची. समोर ती भुरी! धाकटा गवताच्या काड्या तोंडात घालायचा, वासराशी तोंडाला तोंड लावून बोलायचा.

"वहिनी, अहो शेण लागलंय त्याच्या हाताला!" आई ओरडायची.

"धुऊ की मग," मामी म्हणायची. "शेणच आहे, विंचू नाही."

धाकटा चालू-बोलू लागला, पण त्याला कधी धाप लागली नाही. मी फडताळात वाट बघत बसायचो. आईने डॉक्टरीणबाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तान्हेपणापासून गोठ्यातल्या जंतूंशी ओळख झाली की पुष्कळ मुलांचं शरीर धुळीला उगाच घाबरत नाही. सगळ्यांचंच तसं होतं असं नाही हं. आणि थोरलीचं वेगळं आहे. तिचं औषध चालूच ठेवा."

घरी आल्यावर मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी भुरी. भुरी अशी, भुरी तशी! माझा नुसता जळफळाट झाला. मी इतकी वर्षे गुरगुरून घसा कोरडा केला, त्याचे कौतुक नाही आणि ही नुसती रवंथ करत उभी, तर हिचे गोडवे!

त्यात मामाने डोके चालवले. "धाकट्याला मानवलं, ते थोरलीला का नाही मानवणार? तिलाही रोज गोठ्यात बसवू. शाळेचा अभ्यास तिथेच करू दे." आईला ते इतके हवे होते की तिने मान डोलावली. थोरलीचे रोजचे औषध मागे पडले. मला माळ्यावर टाकले. माझा मास्क धाकट्याला खेळायला मिळाला.

मग वाळलेल्या चाऱ्याची गाडी आली. गोठ्यात धुळीचा लोट उठला. थोरली भुरीला पेंढी भरवत होती. ती खोकायला लागली, मग तिला बोलता येईना.

"गुरगुऱ्या कुठंय?" आईची किंकाळी आली. मला माळ्यावर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आली ना आठवण! बोलवा की आता तुमच्या भुरीला!

मला खाली आणले आणि थोरलीचे ओठ दिसले. ते निळसर पडले होते. माझा आनंद तिथल्या तिथे विरला.

मास्क सापडेना. धाकट्याने हळूच गोठ्याकडे बोट दाखवले. त्याने तो वासराच्या तोंडाला बांधला होता आणि वासराने त्याची पट्टी चावून तोडली होती. मामीने तो साबणाने खसाखसा धुतला आणि थोरलीच्या नाकातोंडावर हाताने दाबून धरला. बाबा गाडी काढायला धावले. आईने माझ्यात औषध ओतले आणि मी धूळ खाल्लेला, अडखळत सुरू झालो. दवाखान्याच्या दारापर्यंत तिचा श्वास टिकावा, एवढेच मला हवे होते.

टिकला. डॉक्टरीणबाईंनी आईला आणि मामाला चांगलेच फैलावर घेतले. "धाकट्याचं नशीब थोरलीला कसं चिकटवता?"

आता मी स्वयंपाकघरात, हाताशी असतो. मला नवा मास्क मिळाला आहे. थोरली रोजचे औषध घेते आणि भुरीशी कुंपणाबाहेरून गप्पा मारते.

मित्रांनो, लहानग्यांना मातीत, जनावरांत जरूर खेळू द्या. पण ज्याला दम लागतो, त्याचे औषध डॉक्टरांशिवाय कोणाच्या सांगण्यावरून थांबवू नका आणि आम्हाला धुऊन-पुसून जवळ ठेवा.

मी अजूनही भुरीवर जळतो. मुले तिच्याकडे हसत जातात, माझ्याकडे मात्र धापा टाकत येतात. आज सकाळी शाळेला निघताना थोरलीने माझ्या डोक्यावर टपली मारली.

"गुरगुऱ्या, आजही तुला सुट्टी हं!" म्हणाली, आणि भुरीला हाक मारत पळाली. पळाली, मित्रांनो!

असा अपमान तिने माझा रोज करावा.