मुलांचा सा

मी पेटी बोलतेय. बाजाची पेटी. दिल्लीची मुलं मला हार्मोनियम म्हणतात. पहाडगंजातल्या एका मराठी शाळेत, तळमजल्यावरच्या संगीताच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. भिंतीपलीकडे हॉटेलांच्या पाट्या आणि बॅगा ओढत जाणारे प्रवासी, भिंतीअलीकडे पहिली ते पाचवीची मुलं आणि मी.

कारागिराने सागाच्या फळ्या जोडल्या, भात्याला कातडं लावलं, प्रत्येक सुराची पितळी पाती कानाशी धरून घासली, तेव्हा मला पहिला श्वास मिळाला. पण तो श्वास माझा नसतो. कोणीतरी भाता हलवावा, मगच मी बोलते. बरीच वर्षं मी असंच समजत होते.

शाळेत मला शालिनीबाईंनी आणलं. लग्न होऊन पुण्याहून दिल्लीला आलेल्या, ठेंगण्या, हसऱ्या बाई. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण वर्गात शिरताना त्या हलकेच गुणगुणत आणि पोरं आपोआप गप्प होत. शिकवायला बसण्याआधी माझ्या झाकणावर क्षणभर हात टेकवायचा, ही त्यांची सवय.

पुढे समता आली. संगीत शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होती आणि सराव पाठांसाठी तिला आमची शाळा मिळाली होती. वडील वाल्मीकराव विदर्भातून सरकारी नोकरीसाठी आलेले, घर सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. पोरीचा गळा फार गोड. पण पहिल्याच पाठाला घात झाला. तिने स्वतःच्या सुरात गाणं धरलं. तो मुलांसाठी फार खालचा होता. आवाज घशात अडकले, कोणी घोगरं गुरगुरलं, कोणी हसलं आणि बघता बघता वर्गाचा बाजार झाला. मुलं गेल्यावर समता खिडकीशी उभी राहून रडली.

"बाई, मला नाही जमणार. मैफलीत बसेन, पण ही चिल्लीपिल्ली... सॉरी, बिल्कुल नाही."

शालिनीबाईंनी माझा भाता हलवला आणि एक वरची पट्टी दाबली. "हा त्यांचा सा. तुझा सा घरी ठेवून ये. लहान मुलांच्या मास्तरणीला आधी दुसऱ्याचा सूर सापडावा लागतो."

आणि त्यांनी तिला एक खेळ शिकवला. मुलांनी डोळे मिटायचे. बाईंनी खोलीत कुठेही उभं राहून गुणगुणायचं. आवाज जिथून येईल तिकडे मुलांनी बोट दाखवायचं. "ऐकायला शिकली की गायला लागतात," त्या म्हणत. समता तो खेळ घेऊ लागली आणि महिनाभरात तिच्या मागे वर्ग गाऊ लागला.

तिचं प्रशिक्षण संपता संपता शालिनीबाईंच्या घशाला आजार झाला. आवाज गेला. शाळेतल्या शेवटच्या दिवशी त्यांनी कुजबुजत विचारलं, "माझ्या जागी येशील?"

समताने मान खाली घातली. नोएडाच्या एका मोठ्या शाळेने तिला बोलावलं होतं. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा विचारलं नाही. त्या हिवाळ्यात त्या गेल्या.

खोलीला कुलूप लागलं. माझ्या भात्याच्या कड्या अडकवलेल्या. तेव्हा ते सुरू झालं.

भर दुपारी, बाहेर मधल्या सुट्टीचा गलका चाललेला असताना, माझी एक पाती थरथरायला लागायची. भाता बंद, पट्टीवर बोट नाही, तरी एक बारीक, वरचा सूर. शिपाई शंकर एकदा दार उघडून आत आला. त्याने माझ्या कड्या तपासल्या, मग माझ्या शेजारच्या रिकाम्या चटईकडे बराच वेळ पाहिलं आणि पाठ न वळवता तसाच मागे मागे बाहेर गेला.

मुख्याध्यापिका मृणालबाईंना तो एवढंच म्हणाला, "त्या खोलीत आता मी झाडू मारणार नाही, बाई."

नवी शिक्षिका मिळेना. संगीताचा तास बंद करायचं ठरत होतं. स्नेहसंमेलनासाठी एक गाणं तरी बसवून दे, म्हणून मृणालबाईंनी समताला फोन केला. ती पुढच्या हिवाळ्यात एका धुक्याच्या सकाळी आली. नोएडाच्या शाळेत तिला स्पीकरवर गाणी लावावी लागत आणि मुलं त्यावर ओठ हलवत, हे तिने मृणालबाईंना सांगितलेलं मी ऐकलं.

समोर पहिलीचा वर्ग. शालिनीबाईंना कधीही न पाहिलेली मुलं. समताने त्यांना तो खेळ समजावला, डोळे मिटायला सांगितले आणि चपला काढून ती दाराशी गेली. तिने अजून तोंड उघडलं नव्हतं. तोच सगळी बोटं उठली. सगळी माझ्या शेजारच्या रिकाम्या चटईकडे.

"अरे, मी अजून गायलेच नाही," ती हसली. कोणीच हसलं नाही.

बोटं हलू लागली. सावकाश, एकत्र, कोणीतरी चालत निघावं तशी. खिडकीपाशी. फळ्यापाशी. मग दारापाशी येऊन समतावर थांबली. माझी पाती थरथरत होती.

"कोण आहे तिथे?" तिने विचारलं.

नीरजा नावाची चिमुरडी डोळे न उघडता म्हणाली, "बाई, तुमच्या पीछे. त्या गात आहेत."

"काय गातायत? म्हणून दाखव."

नीरजाने सूर लावला. तोच वरचा सा.

मला वाटलं, ही आता पळणार. दार तर हाताशीच होतं. पण तिने डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि तो सा लावला. एकेक बोट खाली आलं. मग सगळा वर्ग तिच्या सुरात मिसळला. असा स्वच्छ सूर मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

समताने नोएडाची नोकरी सोडली. वाल्मीकराव आधी रागावले, मग स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसून डोळे पुसताना दिसले. आता तिच्याकडेच नवे प्रशिक्षणार्थी सराव पाठांना येतात. संगीताचा तास चालू आहे.

मी मात्र थकले. भाता फाटला, पात्या झिजल्या. दुरुस्ती करणारा म्हणाला, "मॅडम, इसमें अब कुछ नहीं बचा." उद्या नवी पेटी येणार आहे. तिचं स्वागत असो, तिचा सूर मुलांना लागो.

समता, एकच मागणं आहे. मला भंगारात देऊ नकोस. कोपऱ्यात राहू दे. पहिली घंटा होण्याआधी, खोलीत कोणी नसताना, माझ्या झाकणावर रोज एक हात येऊन टेकतो. त्याला वजन नसतं, फक्त ऊब असते. मी गेले, तर त्या हाताने टेकायचं कुठे?