सोजराबाईची लवंग

वरवट बकाल गावात हरिनाम सप्त्याचा सातवा दिवस होता आणि महादेवरावांच्या अंगणात नाक टोचणं चाललं होतं.

नाक कौशल्याचं. महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि महादेवरावांची ही लेक खामगावला मामाकडे राहून शिकत होती. दोन वर्षांपूर्वी 'नाक टोचणं गावंढळ' म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. आता खामगावच्या टाकीजात कुण्या नटीच्या नाकात ज्वारीच्या दाण्याएवढी चमकी पाहून आली आणि 'टोचून द्या' म्हणून तेच घर पुन्हा डोक्यावर घेतलं. बांगड्या भरणारी नूरबी समोर सुई हळदीच्या तेलात बुडवून बसली होती. तिच्या स्वतःच्या कानांना सहा-सहा भोकं. त्यात बाळ्या दोनच उरलेल्या.

"आमच्या वक्ताले सहा बाळ्या नसल्या तं पोरगी उघडी दिसे," नूरबी म्हणाली. "मंग तुह्यावाणी शिकेल पोरी म्हनल्या, हे खेड्याचं हाये. आता तेच शिनेमातून वापस आलं. फ्याशन येते न् जाते व पोरी, भोकं मात्र आपल्याच जवळ राह्यतात."

ओट्यावर महादेवराव हसले. सप्त्याचे मुख्य तेच, त्यामुळे आठवडाभर कपाळावरचा बुक्का पुसला गेला नव्हता. "टोच व नूरबी. लेकीची हौस हाये."

सुपात तूर निवडत बसलेली सोजराबाई हे सगळं ऐकत होती. महादेवरावांच्या थोरल्या भावाची, तुळशीरामची ती बायको. नऊ वर्षांपूर्वी तुळशीराम गेला, त्या दिवशी बायांनी तिच्या बांगड्या उतरवल्या आणि नाकातली लवंग काढून मुठीत दिली. लवंगेच्या आकाराची, सोन्याची बारीक फुली. पुढं भोक बुजलं. बोट फिरवलं की नुसती खळगी लागायची, आणि बोट रोज फिरायचं.

कौशल्या एकदाच "ओ माय!" करून ओरडली आणि आरसा घेऊन आत पळाली. नूरबी सुई पुसायला लागली. सोजराबाईनं सूप बाजूला सारलं, उठली आणि नूरबीपुढं मांडी घालून बसली. कमरेच्या बटव्यातून लवंग काढून तिनं तळहातावर धरली.

"माह्यंही टोच."

नूरबीचा हात थांबला. महादेवराव ओट्यावरून खाली उतरले.

"वहिनी, हे काय मांडलं तुमी?"

"काही नाही, भाऊजी. लेकीचं झालं, आता माह्यं."

"दादा गेल्यावर नाकात सोनं?"

"दादा?" सोजराबाईनं मान वर केली. "हे नाक टोचलं तवा मी पाच वर्साची होती. मायनं मांडीवर घेतलं, तोंडात गुळाचा खडा देला न् बाभळीच्या काट्यानं टोचलं. तवा तुमचा दादा कोठी होता? असन कोठी तरी शेंबूड पुसत! बांगड्या तुमच्या घरच्या होत्या, त्या गेल्या, मी हूं की चूं केलं नाही. पन हे नाक माह्या मायनं टोचलं, तुमच्या भावानं नाही."

नूरबीनं तोंडाला पदर लावला. हसू आलं होतं की रडू, देव जाणे.

"लोक काय म्हनतीन?"

"म्हनू द्या ना पोटभर."

महादेवरावांचा आवाज चढला. "मंग उद्या काल्याच्या कीर्तनाले मंडपात पाय ठेवाचा नाही. आताच सांगून ठेवतो!"

हा घाव मात्र बरोबर बसला. सोजराबाईचं वर्ष सप्त्यापासून सप्त्यापर्यंत मोजलं जायचं. कापूस वेचताना मागच्या साली कीर्तनकार बुवांनी लावलेली चाल तिच्या ओठांवर असायची. मंडपाच्या डावीकडच्या तिसऱ्या खांबाशी तिची जागा ठरलेली. बुवा देवाच्या कानातली मकरकुंडलं गाऊ लागले की तिला ती हलताना दिसायची, अगदी खरोखर. ते उद्या नाही?

तिचं बोट नाकावरच्या खळगीत गेलं.

"देवाचे कान टोचेल चालतात, न् माह्यं नाक नाही?" ती म्हणाली. "टोच, नूरबी."

"भाऊ," नूरबी महादेवरावांकडे पाहून म्हणाली, "मी सुईवाली बाई. पुढं नाक आलं तं टोचते, कोनाचं हाये ते नाही इचारत." मग हळूच, "सोजरा, बुजेल जागा हाये. पोरीपेक्षा लय दुखन."

"दुखू दे."

दुखलं. या खेपेला तोंडात गूळ नव्हता, तरी ती ओरडली नाही.

सकाळी तिचं नाक पिकल्या बोरासारखं लाल होतं. धुतलेलं लुगडं नेसून ती मंडपात गेली आणि तिसऱ्या खांबाशी बसली. शेजारच्या बाया वीतभर सरकल्या. महादेवराव बुक्क्याचं ताट घेऊन एकेकाच्या कपाळी बोट लावत आले. तिच्यापाशी आले आणि तिला सोडून पुढच्या बाईकडे वळले.

तिला ओढून बाहेर काढायची मात्र त्यांची हिंमत झाली नाही.

बुवांनी काला फार गोड केला. यमुनेकाठी गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या, ताज्या-शिळ्या सगळ्या एकात कालवल्या, आणि घास कुणाच्या घरचा हे कुणी विचारलं नाही. सोजराबाईनं टाळ्या वाजवत कोरस धरला. नाक ठणकत होतं, आवाज नव्हता अडखळत.

शेवटी हंडी फुटली आणि माणसं एकमेकांच्या पाया पडू लागली. इथं लहानथोर नाही. जो तुमच्या पाया पडेल, त्याच्या पाया तुम्ही उलटून पडायचं. ही रीत पोराबाळांना दर साली समजावून सांगत ते महादेवरावच.

सोजराबाई उठली. बायांच्या रांगेतून सरळ पुरुषांच्या बाजूला गेली आणि तिनं महादेवरावांच्या पायांवर डोकं ठेवलं. थोरली वहिनी, धाकट्या दिराच्या पायांवर! नाक त्यांच्या अंगठ्याला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती हलली नाही.

आजूबाजूचे टाळ थांबले. बुवा पाहत होते.

"वहिनी, उठा," महादेवराव पुटपुटले.

"उठते. रीत पुरी झाली का उठते."

मंडपात कुणीतरी खोकलं. मग तिला गुडघे टेकल्याचा आवाज आला, फेट्याचं टोक तिच्या हाताला लागलं, आणि महादेवरावांचं कपाळ तिच्या शेजारी जमिनीला टेकलं. "रामकृष्ण हरी," ते म्हणाले.

दोघं उठून बसले. महादेवराव तिच्या नाकाकडे बघत होते.

"लय सुजलं, वहिनी."

"उतरन. बुक्का राह्यला माह्या."

तिनं कपाळ पुढं केलं, मान मात्र खाली घातली नाही. महादेवरावांनी ताट जवळ ओढलं, बोट बुडवलं आणि बुक्का लावला. त्यातला एक काळा कण लवंगेवर पडला. सोजराबाईनं पदराच्या टोकानं तेवढाच टिपला आणि काल्याचा दही-लाह्यांचा प्रसाद घ्यायला सगळ्यांत पुढं जाऊन उभी राहिली.