कळकलेला भात

“भात पुरता गार होऊ दे, मगच पाणी घाल. अन् भांडं मातीचंच घे गं मथुरे. सकाळी मीठ, ताक अन् कांदा. पोट ताळ्यावर येतंय.”

सासूबाई डोळे मिटण्याआधी हे सांगून गेल्या. मथुराबाईंच्या ध्यानात सगळं राहिलं, फक्त मातीच्या भांड्याचं त्यांच्या नेमात बसेना. माती एकदा खरकटी झाली की शुद्ध होत नाही, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात देवालासुद्धा पाय धुऊनच यावं लागलं असतं.

यजमान गुरुसिद्धप्पा गिरणीत कारकून. सोलापुरात जन्मून त्यांना ज्वारीची भाकरी पचेनाशी झाली होती. नव्या पेठेतल्या डॉक्टरांनी तीन बाटल्या दिल्या होत्या: तांबडी जेवणाआधी, पिवळी जेवणानंतर, आणि या दोघींचं आत भांडण होऊ नये म्हणून तिसरी. सहा महिने औषध इमानाने चाललं. बाटल्या रिकाम्या होत गेल्या आणि यजमानही. सदरा आता खुंटीवर असला काय नि अंगावर असला काय, सारखाच दिसे. मथुराबाईंना रात्री त्यांच्या बरगड्या मोजता येत, आणि त्या भिऊन जप वाढवीत.

शेवटी एका रविवारी त्यांनी उरलेला भात भिजत घातला. पितळेच्या पातेल्यात. पातेलं इतक्या श्रद्धेने चिंच लावून घासलेलं, की कल्हई केव्हाच देवाघरी गेली होती. सकाळी भातावर हिरवट झाक आली. बेलाच्या पानासारखी, असं त्यांना वाटलं. सोमवारच होता, आणि भक्तीला रंग चटकन ओळखू येतात.

गुरुसिद्धप्पांनी चार घास खाल्ले आणि दोन दिवस न्हाणीच्या दाराशी काढले.

तिसऱ्या दिवशी भिंतीला टेकून त्यांनी विचारलं, “तू खाल्लास का त्यातला?”

“माझा नेम हाय की. शिळं चालत न्हाई मला.”

“व्हय. पुण्य तुला ताजं, भात मला शिळा.” मग मान वर करून, “लोणचं गेल्या पाडव्याचं हाय. ते कसं चालतं?”

अकरा वर्षांपूर्वी नेम घेताना मथुराबाईंकडून लोणच्याचं विचारायचं राहून गेलं होतं.

“आता पुन्हा तो भात करायचा असंल,” यजमान म्हणाले, “तर पयला घास तुझा. न्हाईतर माझ्या बाटल्या हायेतच.”

त्यांनी तिसऱ्या बाटलीकडे हात लांबवला तेव्हा त्यांचं मनगट बाहीतून बाहेर आलं. मथुराबाईंनी ते पाहिलं.

“बरं,” त्या हळूच म्हणाल्या. “पयला घास माझा.”

दुपारी त्यांनी शेजारच्या नरसम्माला गाठलं. नरसम्माचं घर विणकराचं, तेलुगू. सगळी माणसं रोज सकाळी भिजवलेला भात खाऊन मागावर बसत, आणि डॉक्टरांचं घर कुठल्या बोळात आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पितळेचं ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली. आमच्याकडं लेकरांनासुद्धा कळतं, आंबट पितळेत कळकतं, हिरवं पडून बाधतं, म्हणाली. मग तिनेच कुंभाराकडून एक मडकं आणून दिलं. मथुराबाईंनी ते देव्हाऱ्यापासून सहा हात लांब ठेवलं, आणि सहा हात पुरेत का, हे दोनदा मोजलं.

रात्री गार भात त्यातच भिजत घातला, आणि सकाळी मडक्यावरचं फडकं काढलं. भात पांढराशुभ्र होता, वास ताज्या ताकासारखा. मथुराबाईंची पूजा त्या दिवशी लांबली. महादेवाला त्यांनी सगळं सांगितलं, लोणच्यासकट. महादेव हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. अकरा वर्षं त्याचं असंच चालू होतं.

यजमान पाटावर येऊन बसले होते. त्यांच्यासमोर रिकामी वाटी होती, आणि ते बायकोकडे पाहत होते.

मथुराबाईंनी दोन वाट्या भरल्या, वर ताक ओतलं, मीठ घातलं. मग पदर सावरून यजमानांच्या समोर बसल्या आणि एक वाटी आपल्याकडे ओढून घेतली.