नापासांचा जिना

तात्यासाहेब बोर्डिंगचा इतिहास कोर्टात सुरू होतो.

तात्यासाहेब हे वैजापूरकडचे जमीनदार. धाकट्या भावाशी बांधावरून वाजलं आणि दावा शहरातल्या कोर्टात लागला. तारखेला यायचं तर मुक्कामाला जागा हवी, म्हणून त्यांनी गारखेड्याच्या शिवारात घर बांधायला घेतलं. दावा जसजसा चालला तसतसं घर चढत गेलं. सुरुवातीला हुरूप होता, त्यामुळं जोतं आणि खिडकीपर्यंतची भिंत काळ्या घडीव दगडाची आहे. पहिला निकाल विरोधात गेला. तिथून वर वीट लागते. अपिलात जिंकले तेव्हा दर्शनी बाजूला तीन कमानी आल्या आणि मधल्या कमानीवर दोन मोर बसले. धाकट्यानं वरच्या कोर्टात धाव घेतली, म्हणून मागच्या भिंतीला गिलावा नाही. वर स्लॅब पडला आणि त्याच सुमारास दोघं भाऊ एकापाठोपाठ वारले. गच्ची झाली, गच्चीवर जायचा जिना राहून गेला. आर्किटेक्चरची मुलं अधूनमधून येऊन फोटो काढतात आणि इमारतीची शैली कोणती म्हणून विचारतात. शैली दिवाणी आहे.

तात्यासाहेबांच्या पत्नी दगडाबाई यांनी हे घर खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी दान केलं. दारातल्या संगमरवरी पाटीवर त्यांच्या औदार्याबद्दल चार ओळी आहेत. त्यांचं खरं वाक्य मात्र पाटीवर नाही. "भावकीच्या घशात घालण्यापरीस परक्याची पोरं राहिलेली बरी," असं त्या म्हणाल्या होत्या. शिक्षणाला मदत कुठून मिळेल ते सांगता येत नाही.

खोल्यांना नंबर कधी पडलेच नाहीत. वकिलाची खोली, कारकुनाची खोली अशी नावं होती तीच राहिली. मी तीन वर्षं 'साक्षीदारांच्या खोलीत' काढली. तारखेच्या आदल्या दिवशी तात्यासाहेब साक्षीदारांना तिथं आणून जेवू घालत आणि काय बोलायचं ते घोकून घेत. आम्हीही तिथं घोकायचोच. परिणाम साधारण तोच व्हायचा. ऐन वेळी आठवायचं नाही.

जिन्याची गोष्ट वेगळी. तो तात्यासाहेबांनी बांधला नाही, सरकारनं नाही, संस्थेनंही नाही. तो नापासांनी बांधला.

आमच्या आधीच्या पिढीत कचरू नावाचा सिल्लोडकडचा मुलगा गणितात गेला आणि मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून बसला. जेवेना, बोलेना. रेक्टर आप्पासाहेब त्याच्याजवळ गेले. पाठीवर हात फिरवणं वगैरे त्यांना जमत नसे. संडासाच्या बांधकामातून उरलेल्या विटांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तोंड लपवायला गच्ची बरी. पण वर जायला जिना नाय. एक पायरी बांध, मग जेव." कचरूनं रागारागानं एक पायरी बांधली. तो सहा फुटांचा होता आणि भडकलेला होता, म्हणून ती पायरी गुडघ्याएवढी उंच आहे. पुढच्या निकालाला दुसरा कुणी गेला. त्यानं दुसरी बांधली.

मग त्याचा रिवाज झाला, आणि रिवाजाला नियम आले. ज्याचं वर्ष गेलं त्यानंच पायरी बांधायची. खालचं भरण सगळ्यांनी मिळून करायचं. विटा आणि पाणी पास झालेल्यांनी वाहायचं. काम चालू असताना मार्कांचा विषय काढायचा नाही. पायरीवर नाव घालायचं नाही, ओल्या सिमेंटमध्ये फक्त विषय लिहायचा. आणि त्या रात्री मेसमध्ये भामाबाई शिरा करायच्या तो नापासाच्या मानाचा. पास झालेल्यांना घरी मिळतोच, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळं या जिन्यातल्या कोणत्याही दोन पायऱ्या सारख्या नाहीत. 'इंग्रजी' लिहिलेली गुळगुळीत पायरी वहाबची. वहाब पैठणकडचा, माझ्याच खोलीतला. आता त्याचं फरशीचं दुकान आहे आणि ती पायरी तो गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवतो. तिच्या वरची 'अर्थशास्त्र' ती माझी. ती डावीकडं कलते. देशाच्या अर्थकारणाचंही तेव्हा तसंच असल्यानं मला कधी वाईट वाटलं नाही.

जिना गच्चीला टेकायला एकच पायरी कमी आहे. ती गोकुळची.

गोकुळ आमच्या बरोबरीचा, कन्नडकडचा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला फिजिक्समध्ये गेला. निकाल लागला त्या दुपारी आम्ही विटा रचून ठेवल्या, वहाबनं वाळू चाळली, आणि गोकुळ आलाच नाही. सतरंजी, ट्रंक, सगळं घेऊन गेला होता. पुढं तो वाळूजला कंपनीत लागल्याचं कळलं. एकदा औरंगपुऱ्यात वहाबला समोरून येताना बघून त्यानं रस्ता ओलांडला.

आपल्या आधीच्याची पायरी झाल्याशिवाय पुढच्यानं बांधायची नाही, हा नियमच होता. मग गोकुळनंतर जे नापास झाले त्यांनी अंगणात बसायला कट्टा बांधला. जागा तशीच राहिली. शेवटच्या पायरीवरून मुलं हातावर जोर देऊन गच्चीवर चढत राहिली, नडग्या सोलत राहिली, आणि नव्या मुलांना सांगत राहिली की ही जागा गोकुळची आहे. यातल्या कुणीही गोकुळला पाहिलेलं नव्हतं.

यंदा अग्निशमनची पाहणी झाली. आताचा रेक्टर सत्यम, आमच्याहून पुष्कळ लहान, त्यानं मला आणि वहाबला बोलावून घेतलं.

"साहेब म्हणले, गच्चीवरून खाली उतरायला दुसरी वाट पाहिजे. जिना वाकडातिकडा आहे, पण जुना म्हणून चालवून घेतो. तेवढी वरची पायरी करा. महिनाअखेर परत येतेत ते. नाय झालं तर पोरं बाहेर काढावी लागतील."

"मग एखाद्या नापासाला धर की," मी म्हणालो.

"नापास कुठून आणू सर? हल्ली नापास होत नाहीत. विषय राहतेत. माझ्या एका पोराचे नऊ राहिलेत आणि तो पुढच्या वर्गात आहे."

वहाब जिन्याखाली उभा राहून वर बघत होता. पोट सुटलंय त्याचं आता, मान मागं टाकली की तोल जातो.

"माणूस पाठवला तर अर्ध्या तासाचं काम है," तो म्हणाला.

"मग पाठव."

"पाठवतो की."

दोघंही जागचे हललो नाही. मग वहाब म्हणाला, "मुकुंदवाडीत घर बांधलंय म्हणे त्यानं. स्टेशनाच्या बाजूला."

घर सापडायला त्रास झाला नाही. दारावर पितळी पाटी होती: गोकुळ अमुक, आणि नावापुढं बी.एस्सी. वहाबनं ती वाचली, माझ्याकडं पाहिलं आणि बेल दाबली.

दार गोकुळनंच उघडलं. केस गेलेले, चष्मा, अंगात कंपनीचा शर्ट. ओळखायला त्याला क्षणभरही वेळ लागला नाही. लागला असता तर बरं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"या," तो म्हणाला. "बसा. पाणी आण गं सायली."

सायली ही त्याची मुलगी, इंजिनिअरिंगला तिसऱ्या वर्षाला. पाणी देऊन ती तिथंच टेकली. "तुम्ही बाबांचे कॉलेजचे मित्र? बाबा तर कॉलेजचं कधी काही सांगतच नाहीत. कसे होते हो अभ्यासात?"

गोकुळनं पेल्यातल्या पाण्याकडं पाहिलं.

"तुझा बाप?" वहाब म्हणाला. "लई हुशार, बेटा. आमच्या अख्ख्या खोलीला फिजिक्स समजावून सांगायचा. मी आर्ट्सचा, मला बी सांगायचा. मी नको म्हणलो तरी सांगायचा."

हे खरंच होतं. समजावून सांगणारे पास होतात असा काही नियम नाही.

चहा झाल्यावर गोकुळ आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. सत्यमनं सांगितलं ते सगळं आम्ही त्याला सांगितलं. पायरीचं ऐकून तो थांबला.

"अजून रिकामी आहे?"

"तुझी आहे ना," मी म्हणालो.

"येडे झालेत का सगळे? इतक्या वर्षांत कुणी बांधली नाय?"

"कुणाची हिंमत है," वहाब म्हणाला. "मार खाल्ला असता."

मग गोकुळनं सांगितलं. निकालाच्या दिवशी त्याचे वडील न कळवता शहरात आले होते. येतानाच पेढे घेऊन आले होते, पोरगा पास होणार यात त्यांना शंकाच नव्हती. बोर्डिंगच्या फाटकाबाहेर भेटले. त्यांनी काही विचारलं नाही, सरळ पेढा तोंडात घातला. "तोंडात पेढा असताना कसं सांगू? गिळला. मग ट्रंक घेतली आन् त्यांच्यासंगं गेलो. गावात पेढे वाटले त्यांनी. पुढं लग्नपत्रिकेत बी.एस्सी. छापलं, घर झालं तेव्हा सासऱ्यांनी ती पाटी आणली. मी कुठं काय बोललो? नुसता बोललो नाय."

"वडील आहेत का?"

"गेले. बी.एस्सी.चा बाप म्हणून गेले." त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. "तुम्हीच बांधा ना. माझ्या नावानं बांधा. वहाबभाई, तुझा हात चांगला आहे."

"दुसऱ्याच्या नावानं पास होता येतं, गोकुळ," वहाब म्हणाला. "तसले लई बघितले. दुसऱ्याच्या नावानं नापास नाय होता येत."

"आन् पोरीला काय सांगू? रोज तिला म्हणतो, नीट शीक, माझ्यासारखी हो."

वहाबनं एवढंच सांगितलं की रविवारी सकाळी माल तयार असेल. "आला तर आला. नाय आलास तर सोमवारी गवंडी लावतो. पोरांना तर बाहेर काढता येत नाय. पण मग ती पायरी गवंड्याची."

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा सत्यमनं विटा भिजवून ठेवल्या होत्या. बोर्डिंगची पोरं कट्ट्यावर दात घासत बसली होती आणि मोबाइल तयार ठेवून होती. वहाबनं दरडावून ते खिशात घालायला लावले. आठ वाजले, नऊ वाजले. वहाबनं दोनदा वाळू चाळली. एकदा चाळलेली वाळू परत चाळायची गरज नसते, हे फरशीवाल्याला माहीत असतं.

मग फाटकाशी स्कूटी थांबली. चालवत सायली होती आणि मागं गोकुळ. त्याचा गुडघा दुखतो, पोरीशिवाय तो रविवारी कुठं जात नाही, असं त्यानं नंतर सांगितलं. तिला काय सांगून आणलं होतं, तेही नंतरच कळलं: काहीच नाही. जुन्या बोर्डिंगवर काम आहे, एवढंच.

गोकुळनं जिना खालून वर पाहिला. कचरूच्या पायरीवर गुडघा धरून चढला, माझ्या पायरीवर जरा डावीकडं झुकला आणि वर जाऊन बसला. सायली खाली पायरीपायरीवरचे शब्द वाचत होती. "गणित, भूगोल, संस्कृत. हे काय आहे, काका?"

मी गोकुळकडं पाहिलं. गोकुळनं थापी हातात घेतली होती आणि ती उलटसुलट करून बघत होता.

"इथं जे नापास झाले ना," तो वरूनच म्हणाला, "त्यांनी एकेक पायरी बांधली. ज्याचा जो विषय गेला तो."

"मग तुम्ही का..." ती म्हणाली आणि थांबली.

उशिरा उठून दात घासत आलेल्या एका पोराच्या तोंडात पेस्टचा फेस तसाच राहिला.

"फिजिक्स," गोकुळ म्हणाला. "परत बसलो नाय. मी बी.एस्सी. नाय, सायली."

ती त्याच्याकडं बघत राहिली. रागावली असती तरी कुणी तिला काही म्हणालं नसतं. वहाब म्हणाला, "बेटा, इथं एक रिवाज है. विटा आन् पाणी पास झालेल्यानं वाहायचं. तू पास ना?"

"हो."

"मग बादली तिकडं नळाला."

ती नळापाशी गेली. बादली भरायला लागतो त्याहून जास्त वेळ तिथं थांबली, पाणी वरून वाहून चाललं. मग बादली उचलून, ओढणी कमरेला खोचून, पायऱ्या चढत वर आली आणि बापाच्या शेजारी ठेवली.

"आजोबांना माहीत होतं?"

"नाय."

तिनं मान हलवली आणि विटा आणायला खाली गेली.

पायरी चांगली झाली नाही. गोकुळचा हात कंपनीत मशिनवर बसलेला, विटेवर नाही. एक कोपरा उतरला. वहाबला राहवेना, पण नियम म्हणून हात मागं बांधून तो खाली उभा राहिला आणि जिवाचा कोंडमारा सोसत राहिला. शेवटी गोकुळनं खिळ्यानं ओल्या सिमेंटवर 'भौतिकशास्त्र' लिहिलं. जोडाक्षराला जागा पुरेना म्हणून शेवटचा 'स्त्र' खालच्या ओळीत गेला.

सत्यम म्हणाला, "सर, हिला आठवडाभर पाणी मारावं लागेल. आमची पोरं मारतील."

"नको," गोकुळ म्हणाला. "शिफ्ट सुटली की मी येत जाईन."

तो रोज आला. मी मधे एका संध्याकाळी गेलो तेव्हा पायरीवर ओलं पोतं टाकलेलं होतं आणि बापलेक तिच्या खालच्या, माझ्या कललेल्या पायरीवर बसले होते. ती काही विचारत होती, तो सांगत होता. पेढ्याचं चाललं असावं, कारण सांगताना त्यानं हात तोंडाशी नेला. मी कट्ट्यावर बसून राहिलो. वर जायला जागाच नव्हती.