ज्येष्ठमधाची पोती

“लाकूड आहे हे नुसतं!” ताईंनी चावलेला तुकडा कागदात थुंकला. “पोती परत गाडीत भरा.”

मुळ्या घेऊन आलेला म्हातारा व्यापारी बघतच राहिला. “अहो ताई, ज्येष्ठमध आहे. दरवर्षीच्याच शेतातलं. पुन्हा एकदा चावून बघा ना.”

ताईंनी दुसऱ्या पोत्यातली मुळी चावली, मग तिसऱ्यातली. तोंडात नुसता चोथा.

“भाऊ, गोडवा कुठंय?”

म्हातारा हमालांना हाक मारायला गेला.

कारखान्यात त्वचेची आग शमवणारी मलमं बनत. त्यांत या मुळ्यांचा अर्क पडे, आणि मुळी आत घ्यायची की नाही, हे बावीस वर्षं ताईंची जीभ ठरवत आली होती. प्रयोगशाळेतलं यंत्र खूप नंतर आलं. त्याने पास केलेला माल एकदा ताईंनी अडवला, तर पोत्याच्या तळाशी खरंच भलतीच मुळं निघाली. तेव्हापासून त्यांच्या शब्दाबाहेर साहेबसुद्धा जात नसत.

प्रयोगशाळेतली मुलगी धावत आली. “ताई, काहीतरी घोळ आहे. मी नमुना दोनदा लावला. माल गेल्या वर्षीपेक्षा सरस आहे.”

“मग तुझं यंत्र बिघडलंय.”

“असेल,” ती पडेल आवाजात म्हणाली, पण जागची हलली नाही.

ताईच तिथून उठल्या आणि कॅन्टीनमध्ये जाऊन बसल्या. डोकं चालेना. म्हातारा फसवणाऱ्यातला नव्हे. पोरगीही कामात चोख. मग? त्यांनी चहाचा घोट घेतला आणि चहावाल्यावर डाफरल्या, “साखर विसरलात का हो?”

“दोन चमचे घातलीय, ताई. तुमची नेहमीची.”

त्यांनी डब्यातली चिमूटभर साखर जिभेवर ठेवली. वाळू. मग मीठ. तेही तसंच. परवा नवरा भाजीवरून कुरकुरला होता, तेव्हा त्यांनी त्यालाच झापलं होतं. म्हणजे हे कधीपासून? आठ दिवस? महिना? मग गेल्या आठवड्यात जी पोती आत घेतली, ती गोड लागली होती की सवयीने गोड म्हटली होती? आठवून आठवून त्या दमल्या. काही म्हणता काही उमगेना.

त्या आवारात आल्या, तेव्हा निम्मी पोती गाडीत चढली होती. गप्प राहिलं, तर कुणाला कळणार होतं? गाडी गेली की विषय संपला. ताई नुसत्याच उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “भाऊ, उतरवा. मुळी चांगली आहे.”

“अहो, मग मघाशी?”

“मघाशी मी चांगली नव्हते. मला चवच लागत नाहीये हो. माझं मलाच कळलं नाही.”

म्हाताऱ्याने हमालांना थांबायची खूण केली. “डॉक्टरला दाखवा. येते परत, कधीकधी.”

“आणि नाही आली तर?”

तो पोत्याची गाठ चाचपत राहिला.

ताईंनी प्रयोगशाळेतल्या मुलीला बोलावलं आणि तिच्या हातात एक मुळी दिली. “चाव. सावकाश. गिळू नकोस.”

“गोड आहे, ताई.”

“ते कुणीही सांगेल. लगेच गोड लागली, की थांबून?”

“थांबून. पण आता गोडी जातच नाही.”

“आणि घशापाशी?”

मुलीने डोळे मिटले. ताई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या. त्यांचा रिकामा जबडाही तिच्याबरोबर हळूहळू हलत होता.